गाण्यातली चोरखूण

आमच्या नानांनी आयुष्यभर साड्यांवरची फुलं काढली आणि प्रत्येक डिझाईनमध्ये जाणूनबुजून एक चूक ठेवली. नाना म्हणजे माझे वडील. बमरोलीच्या एका छपाई कारखान्यात ते डिझाईन काढतात. पूर्वी ट्रेसिंगच्या कागदावर पेनाने, आता कॉम्प्युटरवर. सुरतेच्या मार्केटची रीतच अशी, की सोमवारी एका गाळ्यात नवी डिझाईन लागली की शनिवारपर्यंत तिची जुळी बहीण समोरच्या गाळ्यात टांगलेली असते. रंग जरा भडक, भाव जरा कमी. मग आधी कुणाची, यावरून भांडण. म्हणून नाना वेलीवरच्या एखाद्या पानाची शीर उलटी काढायचे, नाहीतर मोराच्या एका पायाला एक बोट कमी ठेवायचे. नेसणारीला ते दिसत नाही. नक्कल करणाऱ्यालाही दिसत नाही, तो लंगडा मोर जसाच्या तसा उतरवतो आणि सापडतो. नाना अशा चुकीला चोरखूण म्हणतात.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर मार्केटला गेले की आम्ही दोघं गाळ्यांपुढे थांबायचो. बाकीचे लोक पदर बघायचे, आम्ही मोरांचे पाय बघायचो. लंगडा सापडला की नाना माझा हात दाबायचे आणि पुढे चालायला लागायचे. त्या हात दाबण्यात मला जेवढा आनंद व्हायचा तेवढा जत्रेतल्या पाळण्यात कधी झाला नाही. जगात कोण कुणाचं काय उचलतंय हे आपल्याला कळतं आणि इतरांना कळत नाही, हा तो आनंद. अशा घरात वाढलेली मुलगी साधी सरळ कशी निघणार? मी नाही निघाले.

गाणी मी हळदीत शिकले. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी खान्देशची माणसं, वर्षाला पाच-सहा हळदी ठरलेल्या. बायका आमच्या खान्देशी बोलीत जागच्या जागी ओळी जोडतात, नवरदेवाच्या मामाला धारेवर धरतात. पंधरा-सोळा वर्षांची असताना मी एका मामाच्या रंगवलेल्या मिशांवर दोन ओळी जोडल्या आणि अख्खा मांडव हसला. झालं, मी कवयित्री झाले. वही केली. वहीला कुलूप नसतं म्हणून ती तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली ठेवू लागले. मायला ते माहीत होतं. तांदूळ तीच काढायची. पण तिने कधी वही उघडून पाहिली नाही, आणि पाहिली नाही याचाही मला संशयच यायचा.

आता खरं सांगायचं तर त्या वहीत एकही पुरं गाणं नव्हतं. दोन ओळी झोकात यायच्या, तिसरीला धाप लागायची, चौथीत मी यमकाच्या पाया पडायचे. वीस वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे चाळीसेक गाण्यांची सुरुवात होती आणि शेवट एकाचाही नव्हता.

ती मला भेटली कोसाडला, सुरतेच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या वसाहतीत माझी मावशी राहते, तिच्या घरी हळद होती. तिच्या मुलाला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, महापालिकेच्या मराठी शाळेतल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी. माझ्याच वयाची, सुती कुर्ता, चष्मा, तापीपलीकडच्या अडाजणची. मी दोन ओळी म्हटल्या तशी ती बायकांमधून वाट काढत माझ्याजवळ आली.

"ही ओळ तुझी आहे का गं?"

"कशावरून विचारतेस?"

"पुढे काय आहे?"

पुढे काही नव्हतं. पण ते मी हिला का सांगू? मी म्हटलं, आहे, बरंच आहे. तर म्हणाली, "मग रविवारी घरी ये ना. माझ्याकडे कीबोर्ड आहे. आपण बघू या."

आपण! ओळख पाच मिनिटांची आणि आपण. मी तेव्हाच मनात एक खिळा ठोकून ठेवला.

तरी गेले. न जाऊन करणार काय? कीबोर्ड मी हात लावून कधी पाहिला नव्हता. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की मी बस पकडायचे, बमरोलीहून अडाजणला, मध्ये तापी. निघताना माय दारात येऊन उभी राहायची. मी जिना उतरून, अंगण ओलांडून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचेपर्यंत तिथेच. मी मागे वळून पाहिलं की हातही हलवायची नाही. मला वाटायचं, पाळत ठेवते. कुठे जाते, कुणाबरोबर जाते. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, मी काय पळून चालले का? पुढच्या रविवारी पुन्हा दारात.

अडाजणच्या घरात तिच्या खोलीला खिडकीपासून दारापर्यंत जुन्या गोधड्या लावलेल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. बाई बशीतून बिस्किटं आणून द्यायच्या आणि "जेवून आलीस ना?" असं इतक्या शुद्ध मराठीत विचारायच्या की मी हो म्हणताना सावरून बसायचे. बँकेत असलेले तिचे वडील पेपर बाजूला करून हसायचे. इतकी चांगली माणसं! मला चांगल्या माणसांची सवय नव्हती. मार्केटमध्ये जो शेठ पहिल्या भेटीत थंडगार सरबत पाजतो त्याच्यापासून जपायचं, असं नाना म्हणायचे.

आणि संशयाला जागा काही कमी नव्हत्या. एक म्हणजे तिचा फोन. मी गायला लागले की ती रेकॉर्डिंग सुरू करून फोन पालथा ठेवायची. "असू दे, नंतर आठवत नाही." दुसरी, हिरव्या पुठ्ठ्याची वही. मी गाताना ती त्यात भराभरा काहीतरी लिहायची आणि मी वाकले की मिटून मांडीखाली सरकवायची. तिसरी म्हणजे, ती मला सारखी खालच्या सुरात गायला सांगायची. "वरची चाल मी धरते, तू खालचा सूर धर, बघ कसं भरून येतं." वा! गाणं माझं, बोली माझी, आणि वरची चाल ही धरणार. मी एकदाही धरला नाही. घसा बसलाय, खाली जमत नाही, काहीतरी सांगायचे.

पण एक गोष्ट ती अशी करायची की तिचा राग आला तरी मी तिथून उठू शकत नव्हते. मी ओळ म्हटली की ती छान, वाईट काही म्हणायची नाही. चष्मा वर सरकवून विचारायची, "हे तू कुणाला म्हणतेस?"

"कुणाला म्हणजे? गाणं आहे. सगळ्यांना."

"सगळ्यांना कसं म्हणेल कुणी? कोण आहे समोर?"

पहिल्यांदा मला हा प्रश्न अगदी मूर्खपणाचा वाटला. पण घरी जाऊन मी जुन्या ओळी काढून पाहिल्या, तर कितीतरी ओळींसमोर कुणीच नव्हतं; मी एकटीच आरशापुढे नटून उभी होते. त्या मी खोडल्या. ज्यांच्यासमोर कुणी होतं त्यांना पुढची ओळ आपोआप सुचायला लागली. तीन महिन्यांत माझी दोन गाणी पुरी झाली. आयुष्यात पहिल्यांदा. मला ती हवी होती, तिच्यावाचून माझं गाणं तिसऱ्या ओळीवर धापा टाकत बसणार हे मला पक्कं कळलं होतं. आणि ज्याची गरज पडते त्याचीच भीती वाटते. गरज वाढली तसा संशयही वाढला.

अखाजीचं गाणं तिथेच सुरू झालं. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा खान्देशात लेकींचा सण. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, झोक्यावर गाणी म्हणतात. सुरतेत आमच्या दोन खोल्यांच्या माहेरात झाड कुठलं? त्यावरच गाणं होतं. अखाजीनंतरच्या रविवारी बमरोलीच्या हॉलमध्ये आमच्या लोकांचा कार्यक्रम होता, तिथे आम्ही दोघी ते पहिल्यांदा म्हणणार होतो. ते जमलं तर पुढे दोघींची गाणी इंटरनेटवर टाकायची, असं ठरत होतं. दोघींची, हा शब्द अर्थात तिचा.

गाण्याचा कळस असलेल्या दोन ओळी मला सुचल्या तेव्हा मी हरखून गेले.

आभायले जरीना काठ, चांदना बुटा,
मना झोका तोडस व माय इंद्रना खुटा.

आभाळाला जरीचे काठ, चंद्राचा बुट्टा, आणि माझा झोका थेट इंद्राचा खुंटा मोडतो! सुरतेची जरी आली, साडी आली, स्वर्ग आला. आता इंद्राच्या दारात खुंटा काय करत होता, तो तिथे गाय बांधत होता की म्हैस, हे मी स्वतःला विचारलं नाही. बुट्याला खुटा जुळला, बस्स. आणि लगेच मनात आलं, ही ओळ उचलली गेली तर?

मी नानांची लेक. मी चोरखूण करायची ठरवली.

त्या रविवारी बसमध्ये, तापीचा पूल यायच्या आत, मी दोन खोट्या ओळी बनवल्या. विचार केला नाही, नटवल्या नाहीत; तिला द्यायला काहीतरी हवं होतं एवढंच.

झोका बांधाले झाड नही व माय,
तू दारमा उभी ऱ्हाय.

अडाजणला जाऊन त्याच म्हटल्या. खऱ्या ओळी कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर काढायच्या, असा माझा बेत. तोवर या कुठे बाहेर पडल्या की चोर आपोआप सापडेल.

ती वाजवत होती, तिचा हात थांबला. तिने मला त्या ओळी पुन्हा म्हणायला लावल्या. मग आणखी एकदा. "हे कुणाला" वगैरे काही विचारलं नाही. हिरव्या वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. चष्मा काढून पुसला. मी मनात म्हटलं, लागला मासा गळाला.

खोट्याची एक अडचण असते. खरं आपोआप आठवतं, खोट्याचा रियाज करावा लागतो. तिच्यापुढे चुकून इंद्राचा खुटा तोंडातून निघू नये म्हणून मी घरात दिवसभर खोट्याच ओळी घोळवायचे. पोळ्या करताना, केस विंचरताना, जिना उतरताना. खऱ्या ओळी मी मोठ्याने कधीच म्हटल्या नाहीत. त्या तांदळाखाली होत्या.

अखाजीला मी मावशीकडे कोसाडला गेले. तिथे बायकांनी जिन्याच्या लोखंडी पाइपाला दोर बांधून झोका केला होता. एक माहेरवाशीण बसली होती, दोघी झोका देत होत्या, बाकीच्या गात होत्या. मी चपला काढतच होते, तेवढ्यात ऐकलं.

झोका बांधाले झाड नही व माय, तू दारमा उभी ऱ्हाय.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. नानांनी हात दाबल्यासारखा. लंगडा मोर सापडला! मी पुढे होऊन एकीला विचारलं, "हाई गानं कोनं शे व?"

"कोनं म्हंजे?" ती झोका देता देता म्हणाली. "जुनं शे. आम्हनी आजी म्हने."

म्हणे आजी म्हणायची! दीड महिन्यापूर्वी बसमध्ये जन्मलेलं गाणं. त्यांनी चालही थोडी फिरवली होती आणि खाली दोन नव्या ओळी जोडल्या होत्या, पण खूण जशीच्या तशी होती. कोसाडपर्यंत ती कशी पोचली हेही मला तिथल्या तिथे दिसलं. बाई याच भागातल्या शाळेत शिकवतात. मुलीने आईला दिलं, आईने पोरांना शिकवलं, पोरांनी घरी नेलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी मी अडाजणला गेले. दार बाईंनी उघडलं. मी बसले नाही. तिला दिवाणखान्यात बोलावलं आणि दोघींच्या तोंडावर सगळं सांगितलं. कोसाडचा झोका, ती ओळ, शाळा. आणि शेवटचा पत्ता टाकावा तसं म्हटलं, "ती ओळ खोटी होती. तुला पकडायलाच मी बनवली होती."

बाई खुर्चीवर बसल्या. "मी?" एवढंच म्हणाल्या.

ती मात्र उभीच होती. आणि तिने विचारलं ते भलतंच. "खोटी म्हणजे? झाड नही, ती?"

"तीच."

"मग खरी कोणती?"

मी दिमाखात खरी म्हटली. जरीचे काठ, चंद्राचा बुट्टा, इंद्राचा खुटा. म्हणताना मला माझाच आवाज त्या दिवाणखान्यात जरा मोठा वाटला. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग सवयीने, रागातसुद्धा, चष्मा वर सरकवला.

"हे तू कुणाला म्हणतेस?"

इंद्राला, म्हणायचं का?

"तू जा," ती म्हणाली. "आणि त्या ओळीवर मी तीन रविवार बसलेय, तेवढं लक्षात ठेव."

घरी आले ती तोऱ्यातच. नाना जेवून सुपारी कातरत होते. माय खोलीच्या उंबऱ्याजवळ साडीवर टिकल्या चिकटवत होती. दुपारभर ती आणि गॅलरीतल्या चार-पाच जणी हेच काम करतात. मी नानांना सगळी हकिकत सांगितली आणि ते शाबास म्हणतील म्हणून थांबले. नानांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"तिनी आपलं नाव टाकं का त्यावर?"

"नाही. त्या बायका तर म्हणतात, आजीचं गाणं आहे."

"मंग कसानी चोरी?" नाना म्हणाले. "चोर फुकट वाटस का? चोर इकस."

चोर विकतो, वाटत नाही, हे माझ्या डोक्यात उतरायच्या आत मायने मान वर न करता म्हटलं, "ते झोकानं गानं ना? ते तं मी म्हनस रोज."

"तुला कुठून आलं ते?" मी विचारलं.

"तू पोया करता करता म्हने, मना कानवर पडे. मंग टिकल्या लावता लावता मी म्हनं. त्यासले आवडनं." त्यांच्यातल्या एकीचं माहेर कोसाडचं, ती घेऊन गेली असेल, असं तिने अगदी सहज सांगितलं, विरजण नेल्यासारखं. शेजारच्या काकू तर त्या ओळीला रोज रडतात, म्हणाली. त्यांची मुलगी इथे पलसाण्याला दिली आहे. धुळ्याच्या पोरी अखाजीला येतात आणि पलसाण्याची येत नाही. नवऱ्याला डाईंगच्या कारखान्यातून सुट्टी नाही आणि तिला एकटीला पाठवत नाहीत.

"पण माझं गाणं होतं ते! मला न विचारता कसं दिलंस?"

"गानं काय डबामा ठेवानी वस्तू शे?" तिने आता माझ्याकडे पाहिलं. बोटाला गोंद लागलेला, त्याला एक टिकली चिकटलेली. मग जरा लाजून म्हणाली, "आनि माले वाटनं, तू मालेच म्हनी राहिनी."

दर रविवारी मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभी राहणारी बाई. आणि बसमध्ये पूल यायच्या आत मला सुचलेली ओळ. मी म्हणत होते, विचार न करता बनवली. विचार केला नव्हता हे खरंच. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. लाज वाटली, इतकी की नानांच्या मोरांचासुद्धा राग आला.

माफी मागायला गेले तेव्हा बाईंनी दार उघडलं, पण चहा विचारला नाही. "माझ्यावर घेतलास तो संशय मी विसरेन," म्हणाल्या. "मी कुणाचं गाणं शिकवलंच असतं तर तिचं नाव सांगून शिकवलं असतं." ती आतून आली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, मायचं शेवटचं वाक्यसुद्धा सांगितलं. ते ऐकताना तिने एकदम वर बघितलं. पण मग म्हणाली, "तुझं पटलं मला. पण आता तू काहीही आणलंस तरी मला आधी वाटणार, हे खरं की मला पकडायला? प्रत्येक ओळ तपासत बसायची. मला ते काम नको."

बरोबरच होतं तिचं. मी आयुष्यभर जे काम केलं ते मी तिच्या गळ्यात बांधलं होतं.

हॉलमधला कार्यक्रम आमच्याविना झाला. मी वही तांदळातून काढून टेबलावर उघडी ठेवली, कुणीही वाचावी म्हणून; कुणी वाचली नाही. लिहायला बसले की दोन ओळी यायच्या आणि तिसरीला समोर कोण आहे असं विचारणारं कुणी नव्हतं. मी स्वतःच विचारून पाहिलं. स्वतः विचारलं की माणूस स्वतःला सोईचं उत्तर देतो. मी तिला चार मेसेज टाकले. दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. रविवारी जेवणं उरकली की माय अजूनही दाराकडे बघायची, पण मी निघतच नव्हते, तेव्हा तिला उभं राहायला काही कारण नव्हतं.

कॉलेज सुरू झाल्यावरची गोष्ट. एका दुपारी मी घरी आले, जिना चढताना वरून मायचा आवाज आला. तेच गाणं. गॅलरीत रोजच्या बायका, मध्ये पसरलेली साडी, आणि त्यांच्यात मांडी घालून बसलेली ती. चष्मा नाकावर घसरलेला, बोटांना गोंद. एक टिकली तिने उलटी चिकटवली होती आणि काकू तिला त्यावरून चिडवत होत्या. आमच्या घरी ती कधी आली नव्हती. मी कधी बोलावलंच नव्हतं. घर बघून ठेवेल, असं वाटायचं मला.

मी घराच्या दाराशी थबकले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या गुडघ्यावर ती हिरवी वही उघडी होती. फोन कुठे दिसत नव्हता.

"मावशी, उभी ऱ्हाय म्हणजे थांब, की वाट बघ?"

"काही नही व," माय म्हणाली. "नुसतं उभं ऱ्हावानं."

तिने ते लिहिलं. मी उभी होते तिथून पान दिसत होतं. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे आमचे शब्द, उजवीकडे त्यांचे अर्थ. आंडेर, मुलगी. आभाय, आभाळ. काहींच्या पुढे प्रश्नचिन्ह. मराठी शाळेतल्या बाईंची मुलगी, तिला माझी अर्धी गाणी कळतच नव्हती, आणि मला विचारायची तिला लाज वाटत होती. एवढंच होतं त्या वहीत. पान उलटलं तरी तेच, त्याच्या मागेही तेच.

"मावशी, आणि हे तुम्ही कुणाला म्हणता?"

मायचे हात कामात होते. तिने नुसती हनुवटी उचलून दाराकडे दाखवलं. तेव्हा हिरव्या वहीतून मान वर करून तिने मला पाहिलं. वही मिटली नाही. बायका सरकल्या, एकीपुरती जागा झाली. त्यांना सगळं माहीत होतं, बायकांना असतंच.

"ये," ती म्हणाली. "चाल मावशी धरतील. खालचा सूर तू धर."

मी दप्तर ठेवलं आणि काकूंच्या शेजारी बसले.

"या ओळी खऱ्या ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती, मायकडे बघत होती. मायने होय म्हणून मान हलवली, तेव्हा कुठे तिने बोटाने फरशीवर ठेका धरला.